गोदाकाठची आणखी एक वही

गोदेच्या काठी वहीचे मोल कुणाला सांगावे लागत नाही. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी यात्रेकरू येतो, गाव-आडनाव सांगतो, आणि तीर्थोपाध्याय जुनी वही उलगडून त्याचे पणजोबा केव्हा येऊन गेले ते पानावर बोट ठेवून दाखवतात. चार पिढ्यांमागचा माणूस आपल्याला असा सापडतो. पण गेल्या वर्षी कोणत्या गोळीने आईच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, असे डॉक्टरांनी विचारले की आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. ‘छोटी, पांढरी होती’, एवढेच आठवते.

17 सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन. आपल्या देशात राष्ट्रीय औषधदक्षता सप्ताहही त्याच दिवशी सुरू होतो. 2015 साली याच तारखेला गणपती बसले होते आणि दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे तिसरे शाहीस्नान होते. त्या सिंहस्थात हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने ‘जन स्वास्थ्य’ प्रकल्प राबवला गेला. ठिकठिकाणच्या दवाखान्यांतल्या रुग्णनोंदी टॅबलेटवर उतरवून एकत्र पाहिल्या जात, जेणेकरून ताप-जुलाबाची साथ डोके वर काढण्याआधीच दिसावी. औषधांच्या दुष्परिणामांचा शोध हा त्यामागचा हेतू नव्हता. पण विखुरलेली पाने एकत्र शिवली की काय दिसू शकते, हे आपल्या गावाने तेव्हाच पाहिले.

कारण काही दुष्परिणाम एकट्या डॉक्टरला दिसतच नाहीत. सांधेदुखीवरचे ‘व्हायॉक्स’ 1999 मध्ये अमेरिकेत बाजारात आले. ते घेणाऱ्या एखाद्या आजोबांना हृदयविकाराचा झटका आला, तर कोणता डॉक्टर गोळीवर संशय घेणार? वयच तसे, असे म्हणून सारेच गप्प बसणार. कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या सुमारे 14 लाख रुग्णांच्या संगणकीय नोंदी चाळल्या, तेव्हा त्या गोळीचा आणि झटक्यांचा संबंध उघड झाला. त्याच सुमारास एका चाचणीतही हाच धोका दिसला आणि 30 सप्टेंबर 2004 रोजी कंपनीने औषध मागे घेतले. तक्रारींच्या अर्जांवरून त्रास किती जणांना झाला ते कळते. औषध घेतले किती जणांनी, हे कळायला सगळ्यांच्याच नोंदी लागतात.

आपल्याकडे अर्जांची वाट 2010 पासून आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे डॉक्टरच काय, रुग्णही 1800-180-3024 वर दुष्परिणाम कळवू शकतो. आपल्यापैकी किती जणांनी तो क्रमांक कधी फिरवला आहे? 2021 पासून आरोग्यनोंदी जोडणारा ‘आभा’चा 14 अंकी क्रमांकही आला, पण सुरगाण्याहून, पेठहून नाशिकला येणारा रुग्ण अजून चिठ्ठ्यांची प्लास्टिकची पिशवीच काखेत धरून येतो.

अशा एकत्र केलेल्या नोंदी कुणाच्या हाती पडतील, ही धास्ती अनाठायी नाही. वही उघडावी ती त्या कुळासाठी, हे तीर्थोपाध्यायांना कुणी शिकवावे लागले नाही. तोच संकोच संगणकालाही शिकवायला हवा. नाव झाकलेले असावे, संमती विचारलेली असावी.

सिंहस्थ पुन्हा दाराशी आला आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या गाठोड्यात बांधून लाखो माणसे गोदेवर येतील, आणि कुठल्याशा तंबूत कुणीतरी त्यांचे नाव, गाव, दुखणे लिहून घेईल. त्याच पानावर या वेळी आणखी एक रकाना ठेवूया: कोणते औषध घेता, आणि त्याने काही त्रास झाला का?