सोळा किलोओमचा माज

"दादा, इन्व्हेडर घेऊ, सुपर डिस्टॉर्शन घेऊ, की सरळ ईएमजी ८१? बजेट बारा हजार."

गेल्या महिन्यात हा मेसेज आला. पाठवणारा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोथरूडमध्ये तिघांत एक खोली घेऊन राहतो. बारा हजार म्हणजे त्याची चार महिन्यांची मेस. खाली त्याने पिकअपचे किलोओमचे आकडे लिहिले होते आणि सगळ्यात मोठ्या आकड्यासमोर आगीचा इमोजी टाकला होता.

मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि हात अडखळला. सहा वर्षांपूर्वी बँडमधल्या एका पोराने मला हेच विचारलं होतं. मी तेव्हा फार विचार केला नव्हता. "सगळ्यात हॉट असेल तो घे, मेटल वाजवायचंय ना?" एवढं सांगून मोकळा झालो. त्याने घेतला. त्याच्या स्वस्त लाकडाच्या, जड आवाजाच्या गिटारवर तो पिकअप बसला आणि प्रत्येक कॉर्डचा गोपाळकाला व्हायला लागला. आपल्या हातातच काही नाही असं त्याला वाटलं. वर्षभरात त्याने गिटार विकली. दोष पिकअपचाही नव्हता, त्याचाही नव्हता. माझा होता, आणि मी ज्यांचं ऐकून शहाणा झालो होतो त्या सगळ्यांचा.

म्हणून आता स्पष्टच लिहितो. आपल्यातल्या दहातल्या आठ जणांना हाय-आउटपुट हंबकरची गरज नाही. आणि ज्या आकड्याकडे बघून आपण तो निवडतो, तो आकडा आउटपुट सांगतच नाही.

हंबकर म्हणजे काय ते आधी थोडक्यात. चुंबकाभोवती तांब्याच्या केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार थरथरली की वेढ्यांत अगदी छोटं व्होल्टेज तयार होतं. एकाच कॉइलचा पिकअप खोलीतल्या ट्यूबलाइटची, चार्जरची घुरघुरही पकडतो. गिब्सनमधल्या सेथ लव्हरने १९५५ साली दोन कॉइल उलट-सुलट जोडून ती घुरघुर एकमेकींत मारली. हे हंबकर १९५७ पासून लेस पॉल गिटारवर आले. पेटंट मंजूर व्हायचं होतं, म्हणून खाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असं स्टिकर. त्यावरून नाव पडलं पीएएफ. एकेका कॉइलला साधारण पाच हजार वेढे, रोध साडेसात-आठ किलोओमच्या आसपास.

आता दुकानदारांचा आणि व्हिडिओवाल्यांचा लाडका हिशेब: पीएएफ आठ, इन्व्हेडर सोळाच्या वर, म्हणजे इन्व्हेडर दुप्पट ताकदवान. हा हिशेब चूक आहे. किलोओममध्ये मोजतात तो तारेचा रोध. तार बारीक केली की रोध वाढतो, वेढा एकही न वाढवता. पीएएफची तार ४२ गेजची. बऱ्याच हॉट पिकअपची ४३ किंवा ४४ची. तेवढेच वेढे ४४ गेजच्या तारेने घातले तर आठ किलोओमचे जवळपास साडेबारा होतात, आणि गिटारच्या आवाजात ताकद म्हणाल तर काडीची वाढ नाही. आणखी एक गंमत. तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे बारा अंशांत सोळा किलोओम दाखवणारा पिकअप मे महिन्यातल्या चाळीस अंशांत साडेसतराच्या वर दाखवेल. उन्हाळ्यात मेटल जास्त जड वाजतं असं कुणी म्हणत नाही.

अजून पुरावा हवा असेल तर सीमोर डंकनचेच दोन पिकअप शेजारी ठेवा. जेबी आणि इन्व्हेडर. दोघांचा रोध सोळा-सतरा किलोओमच्या टप्प्यात. जेबीत अल्निको ५ चुंबक, आवाज मध्याच्या वरच्या पट्टीत उसळणारा, सोलोला पुढे येणारा. इन्व्हेडरमध्ये तीन सिरॅमिक चुंबक आणि काळे जाडजूड स्क्रू, आवाज खालून भरलेला, वरून झाकलेला. आकडा जवळजवळ एक, स्वभाव दोन टोकांचे. ईएमजी ८१ तर या रांगेत उभाच राहत नाही. तो अ‍ॅक्टिव्ह आहे: आत छोटा प्रीअ‍ॅम्प आहे, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते, आणि पॉट लागतात २५ किलोओमचे. त्याला मीटर लावून मिळालेला आकडा पॅसिव्ह पिकअपशेजारी ठेवणं म्हणजे तापमान आणि वजन एका तागडीत तोलणं.

समजा, वेढे खरोखरच वाढवले. मग तरी ताकद मिळते ना? मिळते, पण किती ते बघा. ३० टक्के वेढे वाढवले तर व्होल्टेज साधारण ३० टक्के वाढतं. डेसिबलमध्ये हे झाले सव्वादोनच्या आसपास, म्हणजे अ‍ॅम्पचा गेन किंचित फिरवण्याएवढे. बदल्यात काय जातं? कॉइलचं इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पिकअपचं इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक शिखर ठरतं. त्याच्या खालचे स्वर ऐकू येतात, वरचे झपाट्याने गळतात. आधी ते शिखर ३००० हर्ट्झला असेल, तर त्याच केबलवर आता २३०० च्या जवळ येतं. कॉर्डमधला एकेक स्वर वेगळा ऐकू येतो तो याच वरच्या पट्ट्यामुळे. सव्वादोन डेसिबलसाठी आपण तो विकतो, वर पैसेही देतो. माझ्या त्या मित्राचा गोपाळकाला इथे झाला होता.

मग हे पिकअप बनलेच का? बनले तेव्हा त्यांना कारण होतं. लॅरी डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ चा. त्या काळच्या मोठ्या अ‍ॅम्पना मास्टर व्हॉल्यूम नसे. आवाज फाटायचा तर शंभर वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण उघडायचा, आणि शेजारी पोलिस बोलावणार. अशा वेळी पुढच्या ट्यूबला जरा जास्त व्होल्टेज ढकलणारा पिकअप हे हुशारीचं, स्वस्त उत्तर होतं. आज तुमच्या फोनवरच्या फुकट अ‍ॅपमध्येसुद्धा त्या काळच्या कुठल्याही अ‍ॅम्पपेक्षा जास्त गेन आहे. आजार संपला, औषध चालूच आहे. उलट डोसही वाढलाय.

इतिहासातला खरा चिमटा तर पुढे आहे. हेवी मेटलचा पाया समजला जातो तो ब्लॅक सॅबथचा १९७० चा पहिला अल्बम टोनी आयोमीने हॉट हंबकरवर वाजवलेला नाही. त्याच्या एसजी गिटारवर ब्रिजला पी-९० होता, सिंगल कॉइल. पुढे एक रेंजमास्टर ट्रेबल बूस्टर आणि लेनी अ‍ॅम्प. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात गेलेला माणूस, प्लॅस्टिकच्या टोप्या लावून वाजवत होता. ताकद कुठून आली याचं उत्तर त्याच्या पिकअपमध्ये शोधून सापडणार नाही. व्हॅन हेलनच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमलाही जुन्या ईएस-३३५ मधून काढलेला पीएएफ होता. किंचाळू नये म्हणून त्याने तो मेणात बुडवला होता.

"पण व्हिडिओत तर फरक ऐकू येतो," असं हमखास कुणी म्हणतं. येतोच. त्या व्हिडिओत आवाजाची पातळी जुळवलेली नसते. दोन आवाजांत जरा मोठा असेल तो कानाला चांगला वाटतो, ही माणसाच्या कानाची जुनी खोड आहे. वर तोच रिफ डावीकडे-उजवीकडे दोनदा रेकॉर्ड केलेला, खाली बास आणि ड्रम. मग खाली लिंक. एकट्या गिटारवर, व्हॉल्यूम समान करून, क्लीन चॅनेलवर ऐकवणारे फार थोडे.

आणि आपण वाजवतो कुठे? आपल्यातले बहुतेक जण खोलीत, हेडफोन घालून, ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपवर. तिथे हॉट पिकअप जोडला की इनपुटचा लाल दिवा लागतो. गेन पूर्ण बंद केला तरी कधी कधी लागतोच. मग काय करतो? गिटारचा व्हॉल्यूम कमी करतो. म्हणजे बारा हजार देऊन विकत घेतलेलं आउटपुट बोटाने परत खाली आणतो. आधी वरचे स्वर गेलेत ते वेगळेच.

अपवाद आहेत. सिंगल चॅनेलचा, कमी गेनचा जुना ट्यूब अ‍ॅम्प असेल आणि बूस्ट पेडल नको असेल, तर सुपर डिस्टॉर्शन आजही मजा देतो. वेगवान पाम-म्यूट, लांब केबल, स्टेजवरचे दिवे, सगळीकडे घुरघुर: अशा ठिकाणी ईएमजी ८१ चा घट्ट, शांत स्वभाव कामाचा आहे, आणि मी त्याच्या विरोधात नाही. हेटफील्ड वर्षानुवर्षे तो उगीच वापरत नव्हता. पण हे पिकअप त्यांच्या स्वभावासाठी घ्यावेत. गिटार फार झगझगीत, पातळ वाजत असेल तर भरलेला पिकअप तिला सावरतो. आधीच जड, झाकलेल्या आवाजाच्या गिटारला तो बुडवतो. चुंबक सिरॅमिक आहे म्हणून आवाज कर्कश असतो, ही आणखी एक लोककथा. सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिकच आहे आणि तो अंगाने चांगला भरलेला आहे.

मी त्या पोराला शेवटी फोन केला. मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. म्हटलं, पिकअप काढू नकोस. आधी दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून त्याची उंची बदल. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धर आणि पोलपासून दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठेवून ऐक, मग अर्धा मिलिमीटर वर, मग खाली. बास तारांकडची बाजू जरा उतरवून बघ. व्हॉल्यूम पॉट उघडून बघ. हंबकरला ५०० किलोओमचा लागतो, स्वस्त गिटारमध्ये कधी २५० चा निघतो, तोच वरचे स्वर खातो. तापकीर गल्लीत शे-दोनशेत काम होईल. सहा मीटरच्या केबलऐवजी तीन मीटरची लाव. गेन खरंच कमी पडत असेल तर एक सेकंडहँड बूस्ट पेडल. वीस डेसिबल म्हणजे दहापट व्होल्टेज, आणि नको तेव्हा पायाने बंद.

आणि एवढं करून पिकअप घ्यायचाच असेल तर चार वायरींचा घे. दोन्ही कॉइल समांतर जोडणारा एक छोटा स्विच बसवता येतो. रोध आणि इंडक्टन्स दोन्ही चौथाईवर येतात, घुरघुर बंदच राहते आणि उजळ आवाजही हाताशी राहतो.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "दादा, तारा शेवटच्या कधी बदलल्या आठवत नाही."

रविवारी तो गिटार घेऊन येतोय. स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे. तारांचा नवा सेट तेवढा येताना घेऊन ये, म्हटलंय.