जंजिरा कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरचा इतिहास मुरूडच्या समुद्रातील एका बेटापर्यंत पोहोचतो. १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसविणारा मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच. २०२३ मध्ये ज्यांचे नाव शहराला मिळाले, त्या संभाजीराजांनी १६८१-८२ मध्ये जंजिऱ्याला वेढा घालून समुद्रात सेतू बांधण्याचा प्रयत्न केला. किल्ला अजिंक्य राहिला.

या अजिंक्यतेचे गोडवे गाताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. या खडकावर पहिला मेढेकोट उभारला तो कोळ्यांनी, चाच्यांपासून जीव वाचविण्यासाठी. राम पाटील हे त्यांच्या प्रमुखाचे नाव परंपरेने जपले आहे. निजामशाहीच्या सरदाराने तो कपटाने घेतला, असेही तीच परंपरा सांगते. सर्वांच्या आश्रयाचे बेट पुढे एका घराण्याची मिरास झाले. ती मिरास १९४८ मध्ये संस्थानाच्या विलीनीकरणाने संपली. मालकी लोकांकडे आली. इतिहास मात्र अजून मालकांचाच आहे. कोणता राजा थोर, यावर वाद चालत राहतील. परंतु कोट उभारणारा कोळी आणि दगड वाहणारा मजूर यांना त्या इतिहासात मानाचे स्थान मिळेपर्यंत जंजिरा लोकांचा झाला, असे म्हणता येणार नाही.