मागल्या कमानीचा योगक्षेम

गृहस्थाच्या घरीं नवें आलेलें यंत्र पहिलें वर्ष लाडांत असतें, दुसऱ्या वर्षीं कुरकुरूं लागतें आणि तिसऱ्या वर्षीं परसांत जाऊन उभें राहतें. दोष बहुधा यंत्राचा नसतो. त्याची निगा कोणीं राखावयाची हें ठरलेलें नसतें. या महिन्यांत ज्या गाडीविषयीं लिहावयाचें योजिलें आहे, तिची कथा याहून निराळी नाहीं. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर, इस्पितळांच्या आवारांत आणि तीर्थक्षेत्रीं वृद्ध माणसांस इकडून तिकडे पोंचविणारी, आवाज न करणारी बॅटरीची गाडी वाचकांनीं पाहिलीच असेल. तिचें माहेर गोल्फ या खेळाचें मैदान होय. अमेरिकेंत जॉर्जिया संस्थानांतील ऑगस्टा येथें १९५४ सालीं ई-झी-गो नांवाचा कारखाना केवळ अशाच गाड्या करण्यासाठीं निघाला. दोन खेळाडू आणि त्यांच्या काठ्यांच्या दोन पिशव्या एवढेंच ओझें, गालिच्यासारखी हिरवळ हा रस्ता आणि तासास वीस-पंचवीस किलोमीटरांहून अधिक नव्हे असा वेग, एवढ्या बेतानें ती घडविलेली होती.

आपल्याकडे येतांना तिचा संसार वाढला. मागें पिशव्यांच्या जागीं आणखी एक बांक बसला, दोहोंचीं चार माणसें झालीं, आणि सणावारीं चारांचीं सहाही होऊं लागलीं. हिरवळीच्या जागीं आपला वऱ्हाडचा रस्ता आला. काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. तिच्यावर केलेली सडक कितीही गुळगुळीत केली तरी दोन-चार वर्षांत तिच्यावर लाटा उठतात. माणसें वाढलीं, रस्ता बदलला. गाडीची मागली कमान मात्र तीच राहिली. पुढील सर्व विवेचनाचें मूळ या एका विसंगतींत आहे.

एका संस्थेस कोणा उदार गृहस्थानें अशी गाडी अर्पण केली. सहा महिन्यांत तिचें मागलें अंग खालीं बसलें. व्यवस्थापकांनीं गांवांतील वेल्डिंगवाल्याकडून जुन्या जीपचा एक जाड पाटा कमानीखालीं जोडून घेतला. गाडी वर उचलली गेली आणि सर्वांस समाधान वाटलें. परंतु ऐंशीच्या घरांतील एक आजी तिच्यांतून उतरतांना कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “गुरुजी, यापेक्षां आमच्या सासरची दमणी बरी हो. तिच्यांत निदान गवतावर गादी तरी अंथरलेली असायची.” आजींच्या या उद्गारांत यंत्रशास्त्राचें एक मोठें तत्त्व दडलेलें आहे.

आपल्या वऱ्हाडच्या बंडीस कमान नव्हती. आंस, तुंबा, आरे आणि लोखंडी धाव. रस्त्याचा धक्का जसाच्या तसा वर. १८७० सालीं जलंबहून खामगांवास लोहमार्गाचा फाटा आला, त्याच्या आधींपासून आणि नंतरही शेंकडों बंड्या कापूस घेऊन खामगांवच्या बाजारांत येत. त्या कापसाची कंबर कधीं दुखली नाहीं. माणसांस नेणाऱ्या दमणींत मात्र गवत व गादी घालावी लागे, कारण देह हा कापसाची गांठ नव्हे. गादीचें हेंच काम अधिक चांगल्या रीतीनें करणारी वस्तु म्हणजे पोलादी कमान. १८०४ सालीं इंग्लंडांत ओबडाया इलियट या कारागिरानें घोडागाडीस लंबवर्तुळाकार कमानी बसविल्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या कमानींवरच झुलत असत. मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं त्या बेकायदा ठरविल्या आणि २०२१ सालीं त्याच घाटाच्या बॅटरीच्या गाड्या तेथें आल्या. घोडा गेला, पण कमानीची गरज कांहीं गेली नाहीं.

कमान म्हणजे काय, हें आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वीं सांगून ठेविलें आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत संस्कार या गुणाचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार सांगितले आहेत. वस्तूची स्थिति बदलली असतां तिला पुन्हां मूळ स्थितीस आणणारा तो स्थितिस्थापक. आणि उदाहरण दिलें आहे घरगुती चटईचें. गुंडाळलेली चटई पसरावी आणि हात काढतांच ती पुन्हां गुंडाळावी, हा अनुभव प्रत्येक घरांतला आहे. याच गुणास इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं गणिताचें रूप दिलें. जेवढा जोर, तेवढा ताण. जोर दुप्पट, तर ताण दुप्पट. बॅटरीच्या बहुतेक गाड्यांची मागली आंस अशाच दोन कमानींवर टांगलेली असते. लांबीनें उतरते असे दोन-तीन पोलादी पाटे एकावर एक ठेवून, मध्यें एका बोल्टानें आवळून, दोन्ही टोंकांस वेढे देऊन ते गाडीच्या सांगाड्यास जोडतात.

आतां थोडें गणित. गाडी आपल्या ओझ्यानें कमानीवर किती दबली, यावरून ती मिनिटास किती हेलकावे घेईल तें काढतां येतें. दहा सेंटिमीटर दबली तर सुमारें ९५ हेलकावे. अडीच सेंटिमीटर दबली तर सुमारें १९०. आणि कमान इतकी ताठर असली कीं ती जेमतेम एक सेंटिमीटर दबते, तर सुमारें ३००. आपण चालतों तेव्हां मिनिटास शंभर-सव्वाशें पावलें पडतात. त्या लयीची देहास संवय आहे. उलट बसलेल्या माणसास सेकंदास चारपासून आठपर्यंत, म्हणजे मिनिटास २४० ते ४८० इतक्या गतीचे उभे धक्के सर्वांत अधिक बाधतात. आजींची कंबर नेमकी याच टापूंत सांपडली होती.

ती तेथें कशी गेली हें पाहावें. पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. सहा मिलिमीटर जाडीच्या पाट्याऐवजीं तितक्याच लांबीरुंदीचा आठ मिलिमीटरांचा पाटा घातला, तर दिसावयास फरक नखाएवढा. पण ताठरपणा जवळजवळ दोन पूर्णांक चार दशांश पट. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट. कमान खालीं बसली म्हणून हातीं लागेल तो जाड पाटा जोडणें म्हणजे ज्वर आला म्हणून वैद्यास न विचारतां कोणतीही मात्रा चाटविण्यासारखें आहे.

ही केवळ सुखाची गोष्ट नाहीं. या गाड्यांपैकीं बहुतेकींचे ब्रेक फक्त मागल्या चाकांवर असतात. कमान ताठर झाली आणि गाडींत एकटा हांकणाराच असला, कीं खडबडीत उतारावर मागलीं चाकें उसळून क्षणभर जमीन सोडतात. आणि जें चाक जमिनीस टेकलेलेंच नाहीं त्याच्या ब्रेकाचा उपयोग काय? चढावर उलट होतें. ओझें मागें सरकतें, मागला बांक आंसेच्याही मागें असल्यामुळें पुढलीं चाकें हलकीं पडतात आणि वळविण्याची पकड कमी होते. माथेरानासारख्या ठिकाणीं याचा विचार अटळ आहे. तेथें मोटारींस मज्जाव आहे. दस्तुरीहून गांवांत माणसांनीं ओढावयाच्या रिक्षा चालत. त्यांच्या जागीं सर्वोच्च न्यायालयाच्या अनुज्ञेनें २०२२ च्या डिसेंबरांत बॅटरीच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्या असा आदेश २०२५ च्या ऑगस्टांत झाला. माणसानें माणसास ओढण्याची प्रथा जावी हें योग्यच. पण ओढणारा माणूस खड्डा पाहून पाऊल जपून टाकीत असे, तें काम आतां कमानीस करावयाचें आहे.

मग फेरफार करूंच नये काय? करावा, पण हिशेबानें. गाडींत नित्य किती माणसें बसतात तें आधीं ठरवावें. जत्रेच्या एका दिवसासाठीं वर्षाचे इतर दिवस ताठर करूं नयेत. ओझें खरोखर वाढलें असेल, तर त्याच गाडीसाठीं कारखान्यानें केलेली अधिक पाट्यांची कमान घ्यावी. तीन सारख्या पाट्यांत तसाच चौथा पडला, तर ताठरपणा सुमारें एक-तृतीयांशानें वाढतो. हें प्रमाण देहास सोसतें. कमानी नेहमीं जोडीनें बदलाव्या, एक नवी व एक जुनी असें करूं नये. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल किंवा आंसेवर ठोकळे घालण्याचा मोह आवरावा. उंची वाढली कीं गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलंडण्याची भीति वाढते. पाट्यास वेल्डिंग किंवा भट्टी कधींही दाखवूं नये. पोलादास मोजून दिलेलें पाणी उतरतें आणि तेथेंच पुढें तडा जातो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जुन्या गाडींत शिशाच्या सहा बॅटऱ्या असतात. एकेक सुमारें अठ्ठावीस किलोची, म्हणजे सर्व मिळून पावणेदोनशें किलोंच्या आसपास. त्यांच्या जागीं लिथियमची बॅटरी बसविली, तर शंभराहून अधिक किलो ओझें एकदम उतरतें. तीच कमान मग नव्या ओझ्यास फार ताठर ठरते. बॅटरी बदलणारानें कमानीकडेही पाहावें.

निगा राखण्यास फार विद्या लागत नाहीं. महिन्यांतून एकदां टायरांतील हवा सारखी करून गाडी सपाट जागीं रिकामी उभी करावी आणि दोन्ही अंगांस जमिनीपासून सांगाड्यापर्यंतची उंची मोजावी. बोटाहून अधिक फरक असेल तर एक कमान बसली आहे असें समजावें. आंस कमानीस आवळणारे यू-बोल्ट ढिले नाहींत ना तें पाहावें. ते ढिले पडले कीं मधला बोल्ट तुटतो, आंस सरकते आणि गाडी खेंकड्यासारखी तिरपी चालते. मधल्या बोल्टाजवळ पाट्यांवर बारीक तडा शोधावा. वेढ्यांतील बुश रबराचे असतील तर करकर थांबविण्यासाठीं त्यांवर तेल अथवा ग्रीस ओतूं नये, त्यानें रबर कुजतें; झिजले असतील तर नवे घालावे. बुश धातूचे असून ग्रीस भरण्याचें तोंड असेल, तर वंगण मात्र वेळेवर द्यावें. शेवटीं गाडीचें मागलें अंग दाबून सोडावें. एखादा हेलकावा घेऊन स्थिर झाली तर ठीक. झुलतच राहिली किंवा शॉक-ॲब्सॉर्बरावर तेल पाझरलेलें दिसलें, तर ती जोडी बदलावी. खालीं हात घालण्यापूर्वीं किल्ली काढावी, बॅटरीची मुख्य तार सोडावी, पुढल्या चाकांस दगड लावावे, आणि सांगाड्याखालीं भक्कम घोडी ठेवल्याविना केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीं आंत वांकूं नये.

संस्कृतांत योगक्षेम हा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. नसलेलें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. आपल्याकडे गाडी अर्पण करणारे योगाचे धनी पुष्कळ आहेत. त्यांचीं नांवें गाडीवर ठळक अक्षरांत रंगविलेलीं असतात. क्षेमाचें नांव कोठेंच लिहिलेलें नसतें. यापुढें ज्या गृहस्थांस अशी गाडी कोणा संस्थेस द्यावयाची इच्छा होईल, त्यांनीं गाडीबरोबर पांच वर्षांच्या बुश-पाट्यांचा खर्च, तपासणीची एक वही आणि ती वही भरणाऱ्या माणसाचें नांव हींही द्यावीं. त्या वहींतील दर महिन्याची एक ओळ वृद्धांच्या कंबरेस गाडीवरील नांवाहून अधिक उपयोगी पडेल.