कळ दाबणाऱ्यांचा न्याय

कॅबरे म्हटले की आपल्याकडील सभ्य गृहस्थ मान फिरवितात. हॉटेलातील नाचाखेरीज त्यांस दुसरे काही सुचत नाही. जर्मनीत मात्र ‘कबारेट’ म्हणजे राज्यकर्त्यांची भर सभेत टर उडविणारी रंगमंचीय कला. तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीने तिला कित्येक दशके आसरा दिला आहे. देवळापुढील मांडवात भारुडाची सोंगे पाहिलेल्या वाचकांस ही कल्पना परकी वाटू नये.

३१ मार्च २०१६ रोजी यान ब्योमरमान या विनोदकाराने ‘त्सेडडीएफ’ या संस्थेच्या एका वाहिनीवर तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यावरील कविता वाचली. कविता अश्लील होती, हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. कायद्यात न बसणाऱ्या टीकेचा हा नमुना आहे, अशी मखलाशी आधीच जोडलेली होती, इतकेच.

तुर्कस्तानने खटल्याची मागणी केली. जर्मन दंडसंहितेच्या १०३ व्या कलमान्वये परकीय राष्ट्रप्रमुखाचा अपमान हा सामान्य माणसाच्या अपमानाहून गंभीर गुन्हा होता, व खटल्यास सरकारची अनुमती लागत असे. १५ एप्रिल रोजी चॅन्सेलर मेर्केल यांनी ती दिली. आणि हे कलम अनावश्यक असल्याने रद्द करू, असेही त्याच निवेदनात सांगितले! जे कलम स्वतःलाच नकोसे झाले, त्याच्या आधारे माणसास आरोपीच्या पिंजऱ्याकडे लोटावयाचे, ही कोठली राजनीती? माइन्झच्या सरकारी वकिलांनी ऑक्टोबरात प्रकरण मिटविले. १ जानेवारी २०१८ पासून कलमही गेले.

हाम्बुर्गच्या न्यायालयाने २४ पैकी १८ ओळी पुन्हा उच्चारण्यास मनाई केली, म्हणून आमचे पुरोगामी स्नेही संतापतात. त्यांचा संताप मला पटत नाही. राजपदाच्या प्रतिष्ठेला वेगळा कायदा नको, हे खरे. परंतु माणसाची अब्रू सत्तेवर चढताच नाहीशी होत नाही. शिवाय न्यायालयाने कारणे लिहून दिली, त्यांवर अपिले झाली, वाद २०२२ साली घटना-न्यायालयाच्या दारापर्यंत गेला. मनाई टिकली, पण उघड्यावर तपासली जाऊन टिकली.

खरा जाब विचारावयाचा तो वाहिनीला. तुर्कस्तानचा अर्ज येण्यापूर्वीच, दुसऱ्याच दिवशी, तिने तो भाग आपल्या संग्रहातून काढून टाकला. घरोघरच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने हा निवाडा कोणापुढे केला? या रोगाची परंपरा जुनी आहे. चेर्नोबिलच्या स्फोटास महिनाही झाला नव्हता, तोच २२ मे १९८६ रोजी डीटर हिल्डेब्रांट यांचा ‘शायबनविशर’ हा कार्यक्रम बव्हेरियाच्या प्रसारणसंस्थेने आपल्या प्रदेशापुरता बंद ठेवला. त्यात किरणोत्साराने बाधलेल्या आजोबांचे प्रहसन होते. बाकीचा देश ते पाहत होता. बव्हेरियातील पडदा तेवढा गप्प. अशा कळीवर अपील कोठे करावयाचे?

याच त्सेडडीएफने ‘डी अन्श्टाल्ट’ या व्यंगकार्यक्रमावर ‘त्साइट’च्या दोन पत्रकारांनी आणलेला दावा मात्र अखेरपर्यंत लढविला, आणि १० जानेवारी २०१७ रोजी कार्ल्सरूह येथे जिंकला. म्हणजे कणा होता. कवितेच्या दुसऱ्या दिवशी तो कोठे ठेवला होता, हे वर्गणीदारांनी अवश्य विचारावे.