बिनलढाईचे खेळ

सिल्वासात पावसाची झड लागली की दमणगंगेकाठचा फेरफटका थांबतो आणि नातवंडांच्या व्हिडिओ गेममधील गोळीबार दिवसभर कानी पडतो. 'आजी, तूही खेळ' असा आग्रह होतो. आजी कंट्रोलर हाती घेते, दोन मिनिटांत तिचा गडी मरतो आणि ती हसत उठून जाते. आम्हांस हे हसणे खरे वाटत नाही.

आपल्याकडचा म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) प्रथम आठवतो. तो देखणा खरा, परंतु भावाच्या शोधात निघालेल्या त्या मुलीला सतत राक्षसांशी लढावे लागते. नवशिक्यास २०१९ चा 'अ शॉर्ट हाइक' द्यावा. मावशीकडे (की आत्याकडे? इंग्रजीत तो भेदच नाही) आलेली क्लेअर ही पक्षीण फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगरमाथा गाठते, एवढीच कथा. वाटेत सोनेरी पिसे वेचावीत, मासे धरावेत, गप्पा माराव्यात. घाई नाही, मरणही नाही.

खरी अडचण शत्रूंची नसतेच. एका अंगठ्याने चालायचे आणि त्याच वेळी दुसऱ्याने नजर वळवायची, येथे नवखा गोंधळतो. या खेळात नजर आपोआप वळते. 'जर्नी' (२०१२) मधील वाळवंट याहून सुंदर, पण तो दुसऱ्या आठवड्यात.

नातवंडांनी मात्र आजी वाट चुकली तरी कंट्रोलर हिसकावू नये. भजी तोवर आजोबा तळतील.