चित्र उभे राहिले नाही, तर?

‘लेखक प्रसंग वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा करतो’ हे आपल्या समीक्षेतले सर्वांत आळशी वाक्य आहे. परीक्षणांत ते असते, प्रस्तावनांत असते, पदवीच्या उत्तरपत्रिकांत तर असतेच. आणि आम्ही प्राध्यापक मंडळी त्यापुढे निमूटपणे बरोबरची खूण करतो. या वाक्यामागे मनाविषयीचा एक सिद्धान्त दडलेला आहे : शब्द वाचले की मनाच्या पडद्यावर चित्र उमटते, चित्र जितके स्पष्ट, तितके लेखन श्रेष्ठ आणि वाचक रसिक. हा सिद्धान्त तपासून पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

मानसशास्त्रात तो केव्हाच वादग्रस्त ठरला आहे. फ्रान्सिस गाल्टनने लोकांना सकाळचे न्याहारीचे टेबल आठवायला सांगितले आणि त्यांची उत्तरे १८८० साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या अनेक वैज्ञानिकांना मनात काही ‘दिसते’ हेच मान्य नव्हते. ‘मनश्चक्षू’ हा त्यांच्या लेखी निव्वळ अलंकार होता. २०१५ साली ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला ‘अफँटेशिया’ हे नाव दिले.

चित्रवाद्यांचा पुरावा दुबळा नाही. स्टीफन कॉसलिन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली लोकांना एका काल्पनिक बेटाचा नकाशा पाठ करायला लावला. मनातल्या मनात एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला लागणारा वेळ नकाशावरच्या अंतरागणिक वाढत गेला. म्हणजे मनात नकाशाच असतो ना? झेनॉन पिलिशिन यांचे उत्तर असे, की प्रत्यक्ष पाहताना दूर नजर न्यायला अधिक वेळ लागतो हे माणसाला ठाऊक असते. कल्पना करायला सांगितल्यावर तो त्या ज्ञानाबरहुकूम वागतो. चित्र मानण्याची गरज नाही.

हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे : दृश्य आणि अवकाश एक नव्हेत. १९७६ साली मार्मर आणि झाबॅक यांनी दाखवले, की बालपणापासून अंध असलेली माणसेही हाताने चाचपलेला आकार मनात फिरवू शकतात. २०२१ साली विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात अफँटेशिया असलेल्यांनी पाहिलेल्या खोल्या आठवणीने रेखाटल्या. वस्तू कमी आल्या, रंग कमी आले. पण आलेल्या वस्तूंच्या जागा इतरांइतक्याच अचूक होत्या, आणि खोलीत नसलेल्या वस्तू तर इतरांपेक्षा कमीच आल्या.

आता कादंबरीतला एखादा वाडा घ्या. ओसरीवरचे बोलणे माजघरातल्या बाईला ऐकू येते. पण तिला ओसरीवर येता येत नाही, तिची वाट परसदाराकडूनच आहे. हे ज्याला कळले त्याला वाडा कळला. उंबऱ्याचा रंग त्याच्या मनात उमटला की नाही, याने काय बिघडते? उलट रंग, कौले, तुळशीवृंदावन सारे ‘दिसले’ आणि हा मज्जाव जाणवलाच नाही, तर त्या वाचकाने काय वाचले?

‘डोळ्यांसमोर उभे राहणे हा नुसता वाक्प्रचार आहे’, असा बचाव कोणी करील. मग त्याला निकषाचा मान का दिला? त्या निकषापायी वर्णनाच्या फाफटपसाऱ्याला ‘चित्रदर्शी’ म्हणून शाबासकी मिळते आणि मोजक्या रेषांत अवकाश बांधणारे गद्य ‘कोरडे’ ठरते. ‘मला काही दिसत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणारी विद्यार्थिनी अरसिक ठरते. आणि ती लवकरच इतरांसारखे खोटे लिहायला शिकते.

मनात चित्रे नसतातच, असे माझे म्हणणे नाही. अनेकांच्या मनात ती असतात, खुशाल असोत. पण ती वाचकाची खाजगी मिळकत आहे, संहितेचा गुण नव्हे. वर्गात प्रश्न विचारायचाच असेल, तर ‘काय दिसले?’ हा नको. कोण कुठे आहे, कोणाला कुठवर जाता येते आणि हे आपल्याला कोणत्या शब्दांवरून कळले, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे पुस्तक उघडून तपासता येतात.