लेथ आपल्या घरात यायला हवा



वस्तीतला मुलगा एमपीएससीची पूर्वपरीक्षा पास झाला की विहारात त्याचा सत्कार होतो. व्हायलाच हवा. पण टर्नरचा आयटीआय करून घराच्या पडवीत जुना लेथ बसवणाऱ्या, त्यावर मोटारसायकलींचे सिलिंडर बोअर करणाऱ्या मुलाच्या गळ्यात हार पडलेला आम्ही तरी पाहिला नाही. उलट "एवढं शिकून शेवटी मिस्त्रीच झाला" असं त्याच्या आईला ऐकवणारे आपलेच असतात. हाताने काम करणारा खालचा आणि कागदावर सही करणारा वरचा, हा हिशोब आपला नाही. तो मनूचा आहे, आणि नकळत आपल्या घरात येऊन बसला आहे.

मुळात हे काम काय आहे ते बघा. हिरो स्प्लेंडरच्या सिलिंडरचा बोअर ५० मिलिमीटरचा. तो सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथून पिस्टनची रिंग परत फिरते तिथे जास्त झिजतो, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला जास्त. म्हणून गोल भोक थोडं अंडाकृती आणि थोडं निमुळतं होतं. ते तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजायचं आणि मग ५०.२५ चा पिस्टन चालेल की ५०.५० चा घ्यावा लागेल ते ठरवायचं. सिलिंडर चकमध्ये आवळून धरला तर तो दबतो. कट मारताना बोअर गोल दिसतो, चक सैल केला की पुन्हा वाकडा. म्हणून बुडाच्या फ्लँजवरून तो फेसप्लेटला बोल्टने बसवायचा. नाहीतर टूलपोस्ट काढून सिलिंडरच सॅडलवर बांधायचा आणि दोन सेंटरमध्ये बोरिंग बार फिरवायचा. इथे टूलचं टोक एक शतांश मिलिमीटर बाहेर काढलं की व्यास दोन शतांशाने वाढतो. बार लांब आणि बारीक असेल तर तो थरथरतो, आतल्या भिंतीवर लाटा उठतात. शेवटचे काही शतांश होनिंगला राखायचे, कारण होनिंगच्या तिरप्या रेघांच्या जाळीतच ऑइल टिकतं.

ज्याला याच्यात डोकं दिसत नाही, त्याने एकदा करून बघावं.

आपल्या माणसाला कुशल कामापासून लांब ठेवण्याचा इतिहास जुना आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणखात्यात पगार जास्त होता आणि तिथेच अस्पृश्य कामगाराला बंदी होती. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा 'विटाळ' होई. म्हणजे कमी मजुरीच्या खात्यात चालतो, जास्त मजुरीच्या खात्यात चालत नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाचं काम त्यांच्याच खात्याकडे होतं. बाबासाहेब म्हणजे फक्त संविधान आणि आरक्षण, असं समजणाऱ्यांनी ही चार वर्षं जरूर वाचावीत.

आता आजचं सरकार बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. १८ व्यवसाय, त्यांत लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, टोपल्या आणि झाडू बनवणारे. टर्नर नाही. कोणत्याही जातीचा माणूस अर्ज करू शकतो हे खरं, पण योजनेच्या कागदातली भाषा 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय' आणि 'गुरु-शिष्य परंपरा' अशी आहे. आपल्या देशात कुटुंबाचा पारंपरिक व्यवसाय म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि गुरु-शिष्य परंपरेत एकलव्याचं काय झालं तेही माहीत आहे. मायक्रोमीटर अंगठा आणि तर्जनीनेच फिरवावा लागतो, भाऊ.

आपल्यासाठी म्हणून आलेली योजना २०१६ ची स्टँडअप इंडिया. तिची सुरुवातच १० लाखांपासून होती, आणि २०२५ मध्ये तिची मुदतही संपली. घरातल्या जुन्या लेथला, मोटर आणि मोजमापाच्या साधनांसकट, एवढे पैसे लागत नाहीत. मग उरतं मुद्रा कर्ज, जे तारणाशिवाय मिळायला हवं. आमच्या पाहण्यातल्या एका मुलाला बँकेने मशीनचं पक्कं कोटेशन मागितलं. जुना लेथ विकणारा ते कुठून देणार? मुलगा तीन चकरा मारून गप्प बसला आणि सावकाराकडे गेला. योजनांवर बोलताना आपण आकडे फेकतो, पण दाराशी हे घडतं.

काही कार्यकर्ते विचारतात, बाबासाहेबांनी शहराकडे जा, शिका म्हटलं, आणि तुम्ही पोरांच्या हातात पुन्हा हत्यार देताय? आमचं उत्तर सरळ आहे. जातीने लादलेलं काम आणि शिकून स्वतः निवडलेलं काम एक नव्हे. झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे जन्माआधी ठरलेलं असतं. बोरिंग बार कुणाच्याच पोथीत लिहिलेला नाही. आणि मशीन ज्याच्या मालकीचं, भाव तो ठरवतो. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये वीस वर्षं राबलेला आपला हेल्पर काम सगळं जाणतो, पण गेज शेठच्या खणात कुलूपबंद असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आता तयार बोअर किट मिळतं, रिबोअर करतो कोण? स्प्लेंडरच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. काही नव्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून कठीण थर दिलेला असतो, ते बोअर होतच नाहीत. पण शेतावरचं जुनं डिझेल इंजिन, सुटे भाग न मिळणाऱ्या जुन्या गाड्या, हे काम अजून आहे. शिवाय लेथ फक्त सिलिंडरसाठी नसतो. बुश, शाफ्ट, पुली, जे येईल ते त्यावर होतं. एकाच कामावर अवलंबून राहू नका, एवढं मात्र आम्ही पोरांना सांगतो.

येत्या जयंतीच्या बैठकीत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. डीजेच्या बिलातून थोडे पैसे काढून विहाराच्या ग्रंथालयात एक डायल बोअर गेज आणि मायक्रोमीटरचा संच ठेवायचा. पुस्तकासारखी नोंद करून न्यायचा, पुसून परत आणायचा. ज्याच्या घरी लेथ आहे त्याने महिन्यातला एक रविवार दोन पोरांना, आणि पोरींनाही, शेजारी उभं करायचं. विरोध होईल, डीजेवाले आपलेच आहेत. तुमच्या वस्तीत कुणी हे आधीच करत असेल तर कळवा.